डब्यातला खाऊ सोपा, डब्याबाहेरचा अवघड

शाळेचं नवीन वर्ष जवळ आलं की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, अगं आमच्याकडे पण अॅलर्जी निघालीये, आता डब्यात काय देऊ? मी सुचवते चार गोष्टी, पण खरं सांगू का, डबा हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. डबा आपण भरतो, आपल्या डोळ्यांसमोर, त्यात काय गेलंय हे आपल्याला पक्कं माहीत असतं. पोरं अडचणीत येतात ती डब्याबाहेरच्या खाण्यानं. शेजारच्या मैत्रिणीनं पुढे केलेलं बिस्किट, वाढदिवसाचा केक, बसमध्ये कुणीतरी वाटलेलं चॉकलेट, चित्रकलेच्या तासाला चिकटवायला आणलेले दाणे, आणि नेमक्या त्याच दिवशी नेहमीच्या टीचर रजेवर. म्हणून आज डब्याच्या रेसिपी नाहीत, डब्याबाहेरचंच लिहितेय.

माझ्या लेकीला शेंगदाणा आणि काजूची अॅलर्जी आहे, ती आता दुसरीत आहे. त्यामुळे जे लिहितेय ते घरात रोज चाललेलं आहे, पण औषधाचा डोस वगैरे बाबतीत तुमच्या मुलाच्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा, हे आधीच सांगते.

शाळेत जायच्या आधी स्वतःला एक गोष्ट स्पष्ट हवी, की मुलाला नक्की अॅलर्जी आहे की तो पदार्थ झेपत नाही. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, ते बहुतेक वेळा लॅक्टोजचं म्हणजे दुधातल्या साखरेचं काम, त्रास होतो पण जिवावर बेतत नाही. अॅलर्जीत मात्र शरीराची प्रतिकारशक्ती त्या पदार्थातल्या प्रोटीनला शत्रू समजून बसते, आयजीई नावाच्या अँटिबॉडी तयार ठेवते, आणि पुढच्या वेळी तो पदार्थ पोटात गेला की हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम सुटतात. शाळेला दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगितल्या तर त्या दोन्ही हलक्यात घेतल्या जातात. आणि एक, रक्ताच्या किंवा त्वचेच्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आलं म्हणजे अॅलर्जी असतेच असं नाही, शरीर त्या पदार्थाला ओळखतं एवढंच त्यातून कळतं. खाल्ल्यावर खरंच काय होतं ती हकिकत आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं खायला देऊन केलेली चाचणी, यावरून ठरतं. लांबलचक रिपोर्ट बघून निम्मं जेवण बंद केलेली मुलं मी पाहिलीयेत, त्यांची उपासमार होते आणि शाळेची यादीही एवढी मोठी होते की कुणाच्या लक्षात राहत नाही. आयजीजी नावाच्या दुसऱ्याच अँटिबॉडीच्या टेस्ट करून शंभर पदार्थांचा चार्ट देणारे असतात त्यांच्यापासून तर लांबच राहा, अॅलर्जी ओळखायला ती टेस्ट वापरू नका असं अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना स्वच्छ सांगतात.

आता शाळा. माझ्या मते शाळेशी सगळं बोलणं एका कागदाभोवती असावं. एकच पान. वर मुलाचा फोटो, खाली कशाची अॅलर्जी, वजन किती, सौम्य लक्षणं कोणती, गंभीर कोणती, त्या वेळी काय द्यायचं, किती, कुठे, मग कुणाला फोन करायचा, आणि डॉक्टरांची सही. दोन पानं झाली की लोक फाईलला लावतात, एक पान असलं की भिंतीवर लागतं. हा कागद वर्गात, स्टाफरूममध्ये, शाळेचं किचन असेल तर तिथे, आणि बसमधल्या ताईंकडे. बसचं बरेच जण विसरतात, पण मुलं सगळ्यात मोकळेपणानं खाऊ वाटतात ती बसमध्येच, आणि तिथे टीचर नसतात.

औषध कुलपात नको. हे मी हट्टानं सांगते. शाळा चांगल्या हेतूनं औषधं कपाटात ठेवते, किल्ली एका मॅडमकडे, त्या मॅडम मीटिंगमध्ये. अशा वेळी सगळा खेळ मिनिटांचा असतो. मुलांच्या हाताला लागणार नाही पण मोठ्या कुणालाही लगेच घेता येईल अशी उंचावरची उघडी जागा, आणि ती जागा निदान तीनचार जणांना माहीत. फ्रीजमध्ये नको, उन्हात तापणाऱ्या खिडकीत नको, साध्या खोलीच्या तापमानाला ठेवायचं. एक्स्पायरीची तारीख माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये असते, ती आठवण ठेवायचं काम शाळेवर टाकत नाही.

हे औषध म्हणजे अॅड्रेनलिन, ज्याला एपिनेफ्रिन पण म्हणतात. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. लोकांना वाटतं अॅलर्जी झाली की आधी अॅलर्जीची गोळी किंवा सिरप द्यायचं, फरक पडला नाही तरच इंजेक्शन. गोळीनं खाज आणि पित्ताच्या गांधी कमी होतात, पण सुजलेला घसा, आवळलेली श्वासनलिका, खाली जाणारं ब्लड प्रेशर यावर ती काम करत नाही, ते अॅड्रेनलिनचंच काम. आणि अॅड्रेनलिन उशिरा दिलं जाणं हेच जीव जाण्याच्या घटनांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. मुलांसाठी हिशोब वजनावर असतो, एका किलोला ०.०१ मिलिग्रॅम. औषध आधीच भरलेली, पेनासारखी दिसणारी इंजेक्शनं मिळतात, त्यांना पेनच म्हणतात, त्यातलं ०.१५ मिलिग्रॅमचं साधारण १५ ते ३० किलोच्या मुलांना आणि ०.३ चं त्यापुढे. द्यायची जागा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, कपड्यांवरून दिलं तरी चालतं. मुलाला आडवं करायचं, पाय थोडे वर, श्वासाला त्रास होत असेल तर पाय पुढे पसरून बसवायचं, उलट्या होत असतील तर कुशीवर. उठवून चालवायचं नाही, बाथरूमला पण नाही, एकदम उभं केल्यानं रक्तदाब कोसळू शकतो. पाचदहा मिनिटांत फरक दिसला नाही तर, डॉक्टरांनी तसं लिहून दिलेलं असेल त्याप्रमाणे, दुसरा डोस. आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटल चुकवायचं नाही कारण काही वेळा काही तासांनी रिअॅक्शन परत उलटते. जिथे पेन मिळत नाही तिथे डॉक्टर अँप्युल म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी आणि सिरिंज लिहून देतात, मग भरायचं कसं ते शाळेतल्या एकदोघांना डॉक्टरांकडूनच प्रत्यक्ष शिकवून घ्यावं लागतं, नुसतं कागदावर लिहून भागत नाही. अलीकडे नाकात मारायचा अॅड्रेनलिनचा स्प्रे पण निघालाय, अमेरिकेत २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला पहिली परवानगी मिळाली, सुईला घाबरणाऱ्या शाळांसाठी तो पुढे मोठा आधार होईल असं मला वाटतं.

पेनची प्रॅक्टिस मात्र हातानं करून घ्यायला हवी. कंपन्या सुई नसलेलं ट्रेनर पेन देतात. ते घेऊन मी स्टाफरूममध्ये गेले तेव्हा पी.टी.च्या सरांनी ते पहिल्याच झटक्यात लिहायच्या पेनासारखं बोटांत धरलं आणि अंगठा टोकावर ठेवला, बहुतेक माणसं असंच धरतात. पेन उलटं असेल तर सुई अंगठ्यात जाते आणि औषध वाया जातं. मुठीत धरायचं, अंगठा कुठल्याच टोकावर नाही, झाकण काढायचं, मांडीवर खटकन आवाज होईपर्यंत दाबायचं आणि त्या कंपनीनं सांगितलेत तेवढे सेकंद तसंच धरून ठेवायचं. सगळ्यात छान कुणाला जमलं तर वर्गाबाहेर असणाऱ्या मावशींना. त्यांनी स्वतःच्या मांडीवर साडीवरून दाबून बघितलं, खटका ऐकला, मग विचारलं की आवाज नाही आला तर? इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. मधल्या सुट्टीत मुलांच्या आसपास त्याच असतात, म्हणून ट्रेनिंग फक्त टीचर लोकांचं नको.

लक्षणं ओळखताना अजून एक, अंगावर गांधी उठल्या तरच अॅलर्जी असं नाही. दहावीस टक्के गंभीर रिअॅक्शनमध्ये त्वचेवर काहीच दिसत नाही. अचानक खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, आवाज घोगरा होणं, पुन्हा पुन्हा उलटी, चेहरा पांढरा पडून मूल गळून जाणं, हे बघायचं. लहान मुलांना तर सांगताच येत नाही, ती म्हणतात जिभेला टोचतंय, घशात काहीतरी अडकलंय, तोंड गरम झालंय, मला कसंतरीच होतंय. ही वाक्यं मी जशीच्या तशी कागदावर लिहिलीयेत, कारण मूल घसा खाजवत आलं तर टीचर पाणी पी म्हणून पाठवतील, त्यात त्यांचा दोष नाही.

आणि मागच्या वेळी तर नुसतं थोडं अंगावर उठलं होतं, हा आधार धरू नका. १९०२ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना समुद्रातल्या एका प्राण्याचं विष टोचून बघितलं, पहिल्या डोसमधून वाचलेली कुत्री काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी छोट्या डोसनं मिनिटांत गेली. रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. मागची रिअॅक्शन सौम्य होती यावरून पुढची कशी असेल ते सांगता येत नाही. त्या दिवशी किती खाल्लं, ताप होता का, खाल्ल्यावर पळापळ झाली का, दमा आटोक्यात आहे का, या सगळ्यानं फरक पडतो. दमा असलेल्या मुलांच्या बाबतीत जास्तच सावध राहायचं.

आता हात धुण्याचं. वर्गात सॅनिटायझरची बाटली असते आणि सगळ्यांना वाटतं झालं काम. सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याचं प्रोटीन हातावरून काढत नाही, नुसत्या पाण्यानंही ते पूर्ण जात नाही. साबण आणि पाणी, किंवा वेट वाइप्सनं नीट पुसणं, यानं जातं, हे तपासून बघितलेलं आहे. त्यामुळे मी शाळेकडे मागितलं ते एवढंच, खाऊ खायच्या आधी आणि खाऊन झाल्यावर सगळ्या वर्गानं साबणानं हात धुवायचे आणि बेंच पुसायचे. एकट्या माझ्या लेकीनं नाही, सगळ्यांनी. यात कुणाचं काही जात नाही आणि तिला वेगळं पडल्यासारखं होत नाही. वासाची भीती मात्र मनातून काढा. वास ज्यामुळे येतो त्यात प्रोटीन नसतं, शेजारी कुणी पीनट बटर खातंय म्हणून गंभीर रिअॅक्शन येत नाही. मासे शिजतानाची वाफ किंवा शेंगदाण्याच्या कुटाची हवेत उडणारी भुकटी ही वेगळी गोष्ट, तिथे अंतर ठेवायचं.

मग शाळेत शेंगदाणे बंदच का करत नाहीत, असं मला नेहमी विचारतात. मलाही सुरुवातीला तेच हवं होतं. पण २०२१ मध्ये अॅलर्जीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं शाळांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात स्टाफचं ट्रेनिंग, प्रत्येक मुलाचा लेखी प्लॅन आणि शाळेत जास्तीचं अॅड्रेनलिन ठेवणं यावर भर आहे, सरसकट बंदीचा फायदा होतो असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. विचार केला की पटतं. एक पदार्थ बंद केला की दूध, अंडं, गहू, सोया, तीळ, मासे यांची अॅलर्जी असलेल्या मुलांचं काय, तीही मुलंच आहेत ना. शिवाय बंदी पाळायची ती शेकडो घरांनी रोज, आणि गेटवर बोर्ड लागला की सगळे निर्धास्त होतात, इमर्जन्सीत काय करायचं ते कुणाला पाठ नसतं. अगदी लहान मुलांच्या वर्गात, जिथे सगळं तोंडात जातं, तिथे त्या वर्गापुरता एखादा पदार्थ टाळणं मला योग्य वाटतं. बाकी माझी सगळी ताकद मी ट्रेनिंगसाठी भांडण्यात घालवते. जास्तीच्या अॅड्रेनलिनचं तर सगळ्याच पालकांनी मनावर घ्यायला हवं, मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांच्या नोंदी बघितल्या तेव्हा ज्यांना अॅड्रेनलिन द्यावं लागलं त्यांच्यापैकी साधारण चारातल्या एकाची अॅलर्जी आधी शाळेला माहीतच नव्हती. म्हणजे हे तुमच्याही मुलासाठी आहे, अॅलर्जी नसली तरी.

वाढदिवस. यावर मी एक डबा ठेवलाय वर्गाच्या कपाटात, झाकणावर तिचं नाव, आत तिला चालणारी पाकीटबंद बिस्किटं आणि चॉकलेटं. केक आला की ती तिच्या डब्यातलं निवडते. दर महिन्याला ती स्वतः उघडून बघते, काय संपलंय, काय मऊ पडलंय, आणि मला यादी सांगते, त्यात तिच्या आवडीचं नसेल तर चालत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण वर्गातल्या चॉकलेट केकसमोर साधं कोरडं बिस्किट ठेवलं तर मूल एक दिवस केकच खाणार. आणि ज्या शाळांनी वाढदिवसाला खाऊऐवजी पेन्सिल, स्टिकर, वर्गाला एक पुस्तक असं सुरू केलंय त्यांना माझा मनापासून पाठिंबा आहे. खाण्याशिवाय खेळण्यात, प्रयोगात पण अॅलर्जीचे पदार्थ असतात हे टीचरना सांगून ठेवा, खेळायच्या पिठाच्या गोळ्यात गहू असतो, क्राफ्टला अंड्याचे ट्रे आणि दुधाची रिकामी खोकी आणायला सांगतात, पक्ष्यांच्या खाण्यात दाणे असतात.

पाकिटावरचं लेबल दर वेळी वाचायचं, नेहमीचंच बिस्किट असलं तरी, कारण कंपनी न सांगता घटक बदलते. दुधाची अॅलर्जी असेल तर केसीन आणि व्हे, अंड्याची असेल तर अल्ब्युमिन, तिळाची असेल तर ताहिनी, ही नावं पाठ असावीत. बाहेरच्या देशातून आलेलं पाकीट असेल तर अजून सावध, कारण ठळकपणे सांगायलाच हवेत अशा पदार्थांची यादी देशागणिक वेगळी आहे, अमेरिकेत आधी आठ होते, २०२१ च्या कायद्यानं तीळ नववा आला, युरोपात ती यादी १४ ची आहे. मोहरी युरोपच्या यादीत आहे, अमेरिकेच्या नाही. आणि अंश असू शकतो अशी जी सूचना असते ती बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहे, म्हणजे ती नाही म्हणून पाकीट सुरक्षित असं समजू नका. शाळेत वाटायला सुटा खाऊ आला, लेबल नाही, तर उत्तर नाही हेच.

लेकीला मी घाबरवत नाही. तिला तीन वाक्यं पाठ आहेत, थँक्यू पण मी घरचंच खाते, यात काय आहे ते मला दाखव, आणि मला अॅलर्जी होतेय टीचर लगेच या. तिसरं वाक्य मोठ्यांदा ओरडून म्हणायची आम्ही घरात प्रॅक्टिस करतो, कारण मुलं अशा वेळी लाजून एकटीच बाथरूममध्ये जाऊन बसतात आणि ते सगळ्यात धोक्याचं. तिच्या दोन जवळच्या मैत्रिणींनाही ते माहीत आहे. त्यातली एक तर दाणे खाल्ले की मीच लांब बसते काकू असं मला सांगून गेली, मला खूप भरून आलं तेव्हा.

चिडवणं पण होतं. नाव ठेवणं वेगळं, आणि तो पदार्थ तोंडासमोर नाचवणं, मुद्दाम डब्यात टाकणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला गंमत म्हणून सोडून द्यायचं नाही, शाळेत त्याच दिवशी जायचं, कारण तो त्या मुलाच्या जिवाशी खेळ आहे. वर्गात टीचरनी एकदा पाच मिनिटं काढून अॅलर्जी म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगितलं की बरंच निवळतं, बहुतेक मुलांना खरंच माहीत नसतं.

सहलीला जाताना औषध त्या मोठ्या माणसाच्या खांद्याच्या बॅगेत, जो तिच्याच गटाबरोबर चालणार आहे. बसच्या डिकीत नाही, हॉटेलच्या रूमवर नाही. जवळचं हॉस्पिटल कुठे आहे ते मी आधी बघून टीचरना मेसेज करून ठेवते.

आणि दरवर्षी शाळेचा कागद नव्यानं भरायच्या आधी डॉक्टरांकडे एक चक्कर. दूध आणि अंड्याची अॅलर्जी बरीच मुलं मोठी होता होता मागे टाकतात, शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाचीच जाते, पण जाते, त्यामुळे पुन्हा तपासून बघण्यात अर्थ आहे. घरी थोडं चाखवून बघायचं नाही, तपासणी दवाखान्यातच. त्याच चकरेत वजन करून घ्या, मूल तीस किलोच्या पुढे कधी गेलं ते आपल्या लक्षात येत नाही, आणि कागदावर मागच्या वर्षीचं वजन तसंच राहिलं तर पेनही मागच्याच डोसचं राहतं.